बशीतल्या पेशी आणि हाडातली गाठ

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुतेक वेळा वाढत्या वयात होतो. मुलाची किंवा मुलीची उंची झपाट्याने वाढत असते, तेव्हा गुडघ्याच्या जरा वर मांडीच्या हाडाच्या टोकाशी किंवा जरा खाली नडगीच्या वरच्या टोकाशी तो सुरू होतो. खांद्याजवळचे दंडाचे हाड हे त्याचे आणखी एक नेहमीचे ठिकाण. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला तीन-चार जणांना होणारा हा आजार दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच तो पटकन कोणाच्या मनात येत नाही. खेळताना लागले असेल, पाय मुरगळला असेल, असे म्हणून लेप, शेक आणि मालिश यांत कित्येक आठवडे जातात. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे सुरू होते, एक्स-रे काढला जातो, आणि तोवर गाठ चांगलीच वाढलेली असते.

निदान झाल्यावरचा क्रम जगभर साधारण सारखा आहे. आधी काही आठवडे केमोथेरपी, मग गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी. औषधेही ठरलेली आहेत: मोठ्या मात्रेतले मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन, आणि यांच्या जोडीला किंवा यांपैकी एखाद्याच्या जागी आयफोस्फामाइड. याच औषधांनी सुमारे निम्म्या रुग्णांची गाठ जवळजवळ पूर्ण मरते आणि उरलेल्या निम्म्यांची तितकी मरत नाही. दोन्ही गटांचे केस सारखेच जातात, उलट्या सारख्याच होतात, हृदय, कान आणि मूत्रपिंडे यांना धोकाही सारखाच असतो. कोणत्या मुलाच्या गाठीवर कोणते औषध चालेल हे पहिली बाटली लावण्याआधीच कळले तर? हा प्रश्न प्रयोगशाळांमध्ये गेली पन्नास वर्षे विचारला जात आहे.

प्रश्नाचे मोल समजण्यासाठी केमोथेरपीच्या आधीचा काळ पाहावा लागतो. १९७० पर्यंत या आजारावर एकच उपाय होता, हात किंवा पाय कापणे. शस्त्रक्रिया कितीही नीट झाली तरी शंभरातल्या सुमारे ऐंशी रुग्णांच्या फुफ्फुसांत पुढे गाठी दिसत आणि ते दगावत. याचा अर्थ सरळ होता. पाय कापला जाण्याच्या दिवशीच कर्कपेशी रक्तातून फुफ्फुसांत पोचलेल्या असत, फक्त एक्स-रेवर दिसण्याइतक्या मोठ्या झालेल्या नसत. १९७० च्या दशकात मेथोट्रेक्सेट आणि डॉक्सोरुबिसिन वापरून पाहिले गेले आणि आशा वाटू लागली. तरीही औषधांचा खरोखर उपयोग होतो की नाही यावर वाद राहिला. तो मिटवणारा अमेरिकेतील अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फक्त ३६ रुग्ण होते. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनंतर आजार न उलटलेले १७ टक्के होते, शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीही मिळालेल्यांत ६६ टक्के. इतका स्पष्ट फरक वैद्यकात क्वचित दिसतो. आज आजार इतरत्र पसरलेला नसेल तर शंभरातले साठ ते सत्तर रुग्ण वाचतात.

या आजाराची तीन मुख्य औषधे अगदी वेगवेगळ्या वाटांनी आली. मेथोट्रेक्सेट फॉलिक अ‍ॅसिडची नक्कल करून पेशीला फसवते. त्याच्या मागचे रसायनकाम अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने केले; हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. डॉक्सोरुबिसिन मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. दक्षिण इटलीतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत तो सापडला आणि जवळच्या एड्रिअ‍ॅटिक समुद्रावरून औषधाला एड्रियामायसिन हे व्यापारी नाव मिळाले. सिस्प्लॅटिनचा कर्करोगाशी संबंध तर योगायोगानेच कळला. बार्नेट रोझेनबर्ग हे मिशिगनमध्ये जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते शेवयांसारखे लांबत गेले. कारण वीज नव्हती, इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनममधून द्रवात उतरलेले संयुग होते. १९६५ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. तीन औषधांच्या मारण्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि पेशीला त्यांतून निसटण्याच्या वाटाही वेगवेगळ्या आहेत. पेशींची चाचणी घ्यायची ती या वाटा ओळखण्यासाठी.

मूळ कल्पना कोणत्याही घरात माहीत असलेली आहे. लघवीत जंतुसंसर्ग झाला की डॉक्टर कल्चर करायला सांगतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवले जातात, त्यांच्यावर वेगवेगळी प्रतिजैविके ठेवून पाहिली जातात, आणि दोन-तीन दिवसांत कागद येतो: हे औषध चालेल, हे चालणार नाही. कर्कपेशींचेही असेच करता येईल हा विचार इतका सहज सुचणारा आहे की तो अजून रोजच्या वापरात का आला नाही याचेच रुग्णाच्या घरच्यांना नवल वाटते. अडचण जंतू आणि कर्कपेशी यांच्या स्वभावातच आहे. जंतू परका असतो, बशीत आनंदाने वाढतो, आणि त्याला मारणारे औषध माणसाच्या पेशींना सहसा हात लावत नाही. कर्कपेशी रुग्णाच्या स्वतःच्याच असतात, शरीराबाहेर त्यांना जगायचे नसते, आणि त्यांना मारणारी मात्रा निरोगी पेशींनाही मारण्याच्या अगदी जवळ असते.

हाडाच्या बाबतीत पेशी हाती लागणे हेच पहिले संकट. बायोप्सीची सुई हाडातून गाठीत जाते आणि आगपेटीच्या काडीएवढे काही तुकडे काढते. त्यांतला पहिला हक्क निदानाचा असतो. एरवी हे तुकडे थेट फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ऊती टिकवून ठेवायला फॉर्मॅलिन उत्तम. पण फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात. औषधांच्या चाचणीसाठी तुकडा जिवंत हवा, म्हणजे निर्जंतुक पोषकद्रवात, थंड ठेवून, काही तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. हे आधी ठरवलेले नसेल तर शस्त्रक्रियागृहातल्या कोणाच्याही लक्षात येत नाही.

तुकडा पोचल्यावरचे काम कौशल्याचे आहे. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी स्वतःभोवती कच्चे हाड तयार करतात. तीच त्यांची ओळख. त्यामुळे तुकड्यात मऊ भाग आणि वाळूसारखा करकरणारा भाग एकत्र असतात. पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या कामात असा कठीण भाग आम्लात किंवा कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात भिजवून मऊ करतात, पण जिवंत पेशींना ते चालत नाही. म्हणून तंत्रज्ञ बारीक कात्रीने मऊ भाग निवडतो, तो बारीक चिरतो आणि कोलॅजिनेज या विकरात शरीराच्या तापमानाला ठेवतो. पेशींना धरून ठेवणारे जाळे विरघळते आणि पेशी सुट्या होतात. मग गाळणी, मग मोजणी. गाळून उरलेल्या सगळ्याच पेशी कर्काच्या नसतात. रक्तपेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी असतात आणि फायब्रोब्लास्ट असतात. हे फायब्रोब्लास्ट म्हणजे शेतातले तण. बशीत ते कर्कपेशींपेक्षा जोमाने वाढतात, आणि दोन आठवड्यांनी चाचणी होते ती त्यांचीच. पेशी खरोखर गाठीतल्याच आहेत याची खूण पटवल्याशिवाय पुढचा प्रत्येक आकडा निरर्थक ठरतो.

या अडचणीमुळे बरेचसे संशोधन रुग्णाच्या ताज्या पेशींऐवजी जुन्या, कायम वाढत राहणाऱ्या पेशीवंशांवर झाले. यू-२ ओएस हा वंश १९६४ साली एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या नडगीतल्या गाठीपासून तयार झाला, साओस-२ हा १९७३ साली एका अकरा वर्षांच्या मुलीच्या गाठीपासून, आणि एमजी-६३ हा एका चौदा वर्षांच्या मुलाच्या गाठीपासून. त्या मुलांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत आणि हाडाच्या कर्करोगाविषयी जे कळले आहे त्यातला मोठा भाग त्यांनी शिकवला आहे. मात्र एवढी वर्षे प्लास्टिकवर वाढलेली पेशी आज दवाखान्यात आलेल्या मुलाच्या गाठीची प्रतिनिधी होऊ शकत नाही. औषध कसे काम करते ते ती सांगेल. या मुलावर चालेल का, ते सांगणार नाही.

ताज्या पेशींच्या चाचणीला मोठी उभारी आली ती १९७७ मध्ये. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठात अ‍ॅन हॅम्बर्गर आणि सिडनी सॅमन यांनी गाठीतल्या पेशी मऊ अगरमध्ये वाढवून दाखवल्या. अगर म्हणजे समुद्री शैवालापासून मिळणारा, जेलीसारखा गोठणारा पदार्थ. निरोगी पेशीला टेकायला पृष्ठभाग लागतो. अधांतरी जेलीत ती वाढत नाही. कर्कपेशी वाढते, आणि एका पेशीपासून छोटी वसाहत तयार होते. औषध दिलेल्या बशीत वसाहती किती आणि न दिलेल्या बशीत किती, याची तुलना म्हणजे चाचणी. कल्पना सुंदर होती. वृत्तपत्रांनीही ती उचलून धरली. पण अनेक गाठींमधून मोजण्याजोग्या वसाहती उगवतच नव्हत्या, निकालाला दोन-तीन आठवडे लागत होते, आणि पेशी नीट सुट्या झाल्या नसतील तर सुरुवातीलाच असलेला पेशींचा गोळा उगवलेली वसाहत म्हणून मोजला जात होता. काही वर्षांतच या पद्धतीची कडक चिकित्सा झाली आणि उत्साह ओसरला.

त्यानंतरच्या पद्धतींनी पेशी वाढण्याची वाट पाहणे सोडले आणि त्या जिवंत आहेत की मेल्या एवढेच विचारायला सुरुवात केली. रंगाच्या चाचणीत मेलेली पेशी रंग शोषते आणि जिवंत पेशी तो बाहेर ठेवते. सूक्ष्मदर्शकाखाली बसून दोन्ही मोजायच्या. १९८३ मध्ये टिम मोसमन यांनी मांडलेली एमटीटी चाचणी अधिक सोपी होती. पिवळे रसायन घातले की जिवंत पेशी त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. आजही जगातल्या कुठल्याही पेशीप्रयोगशाळेत ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट दिसते ती बहुधा याच किंवा अशाच चाचणीसाठी. प्लेटच्या डावीकडच्या खळग्यांत औषध नाही, उजवीकडे जावे तशी मात्रा वाढत जाते. तीन-चार दिवसांनी प्लेट उजेडात धरली की डावीकडे गर्द जांभळे, मध्ये फिकट, उजवीकडे पिवळे. जांभळा रंग कोणत्या खळग्यापर्यंत टिकतो ते पाहिले की पेशींनी औषध किती सहन केले ते डोळ्यांनाच दिसते. यंत्र फक्त त्याला आकडा देते. याहून नाजूक चाचणी काजव्याकडून घेतलेली आहे. काजव्याच्या शरीरातले ल्युसिफरेज हे विकर एटीपी हे पेशीचे इंधन वापरून प्रकाश निर्माण करते. जिवंत पेशीत एटीपी असते, मेलेलीत ते झपाट्याने संपते. म्हणून खळग्यात ल्युसिफरेज टाकून अंधारात किती उजेड पडतो ते मोजायचे. या पद्धतीला फार थोड्या पेशी पुरतात, आणि हाडाच्या बायोप्सीसारख्या तुटपुंज्या मालाला हे सोयीचे आहे.

खळग्यात औषध घालणे ही वरवर अगदी सोपी पायरी वाटते. प्रत्यक्षात चाचणी फसते ती बहुतेकदा इथेच, आणि हाडाच्या कर्करोगाची औषधे त्या बाबतीत फारच अवघड. आयफोस्फामाइड बाटलीतून थेट पेशींवर घातले तर काहीच होत नाही. ते यकृतात गेल्यावर बदलते आणि मगच मारक बनते. बशीत यकृत नसते. म्हणून प्रयोगशाळेत त्याचे आधीच सक्रिय केलेले रूप वापरावे लागते. हे न पाळता केलेल्या चाचणीत एक उत्तम औषध निरुपयोगी ठरेल. सिस्प्लॅटिनची गोष्ट उलट्या बाजूची. प्रयोगशाळेत पाण्यात न विरघळणारी औषधे डायमिथिल सल्फॉक्साइड नावाच्या द्रावकात विरघळवण्याची सवय असते. सिस्प्लॅटिन त्यात विरघळवले की द्रावक प्लॅटिनमला जाऊन चिकटतो आणि औषधाची धारच जाते. संशोधकांनी इशारे देऊनही कितीतरी शोधनिबंधांत हाच द्रावक वापरलेला आढळतो. मेथोट्रेक्सेट तर सर्वांत कठीण. ते पेशीचा डीएनए तयार करण्याच्या कच्च्या मालाचा पुरवठा तोडते, पण पेशी वाढवण्याच्या पोषकद्रवात आणि सीरममध्ये तो कच्चा माल तयार स्वरूपात असू शकतो. पेशीची एक वाट अडवायची आणि दुसऱ्या हाताने तिला तेच जेवण वाढायचे, असा हा प्रकार. शिवाय मेथोट्रेक्सेट डीएनए तयार होत असतानाच मारते, आणि खळग्यातल्या पेशी तीन दिवसांत विभाजनाला लागल्याच नाहीत तर ते मारणार कोणाला?

मात्रेचा प्रश्न तितकाच मोठा. रुग्णाच्या रक्तात औषधाची पातळी चढते आणि उतरते. खळग्यात ती एकसारखी राहते. गाठीच्या आत, जिथे रक्तवाहिन्या विरळ आणि कच्च्या हाडाच्या भिंती दाट, तिथे औषध किती पोचते हे वेगळेच. सपाट प्लास्टिकवर एका थरात पसरलेल्या पेशींना मुबलक प्राणवायू आणि मुबलक औषध मिळते. गाठीच्या मध्यभागी दोन्हींची टंचाई असते, आणि प्राणवायू कमी असलेल्या पेशी औषधाला अधिक चिवटपणे तोंड देतात.

या सगळ्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. बशीतल्या चाचण्या निकामी औषध ओळखण्यात बऱ्या आहेत, चालणारे औषध निवडण्यात कच्च्या. कारण समजायला अवघड नाही. रक्तात कधीच गाठता येणार नाही एवढ्या मात्रेत, दिवसेंदिवस औषधात बुडवूनही पेशी जिवंत राहिल्या, तर शरीरात ते औषध त्यांना मारील ही आशा व्यर्थ. पण बशीत मेल्या म्हणून शरीरातही मरतील असे नाही. मधे यकृत आहे, मूत्रपिंडे आहेत, रक्तपुरवठा आहे, हाडाच्या भिंती आहेत. १९९० च्या सुमारास याच तर्कावर अतिप्रतिकार चाचणी उभी राहिली, जी फक्त कोणते औषध टाळावे एवढेच सांगण्याचा दावा करत होती. एवढा मर्यादित दावासुद्धा रुग्ण अधिक जगतात हे सिद्ध करण्यापर्यंत पोचला नाही. अमेरिकेतील क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटीने २००४ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला आणि अशा चाचण्यांवरून केमोथेरपी निवडण्याची शिफारस संशोधनाबाहेर करता येत नाही असे सांगितले. हा निकाल चाचण्या खोट्या आहेत असा नव्हता. चाचणीनुसार उपचार मिळालेल्या रुग्णांचे आयुष्य इतरांपेक्षा वाढले, हे कोणी दाखवले नव्हते, आणि मोजायचे ते तेच.

ऑस्टिओसार्कोमाच्या बाबतीत एक चाचणी मात्र या सर्वांहून विश्वासाची ठरली. तिच्यात बशी नाही. गाठ जिथे आहे तिथेच, रुग्णाच्या हाडात ती घेतली जाते. तिचा उगम एका व्यावहारिक अडचणीत आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग रुग्णालयात पाय न कापता गाठ काढून त्या जागी धातूचे हाड बसवायला सुरुवात झाली. हे हाड प्रत्येक रुग्णाच्या मापाने घडवावे लागे आणि त्याला आठवडे लागत. तेवढ्या काळात रुग्णाला बिनउपचार ठेवणे धोक्याचे होते, म्हणून जेराल्ड रोझेन यांनी शस्त्रक्रियेआधीच केमोथेरपी द्यायला घेतली. मग काढलेल्या हाडाची तपासणी पॅथॉलॉजिस्ट अँड्र्यू ह्युव्होस यांच्याकडे आली, आणि औषधाने गाठीचे काय केले ते पहिल्यांदाच अख्ख्या गाठीत पाहता आले.

ही तपासणी कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. काढलेले हाड विजेच्या करवतीने उभे चिरतात आणि गाठ जिथे सर्वांत रुंद आहे तिथून एक अखंड पातळ फळी काढतात. तिचा फोटो काढून त्यावर चौकटी आखतात. फळीचे त्या चौकटींप्रमाणे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक देतात. कॅल्शियम काढून टाकण्यासाठी तुकडे दिवसेंदिवस द्रावणात भिजत राहतात. मग प्रत्येकाच्या पातळ काचपट्ट्या तयार होतात आणि पॅथॉलॉजिस्ट एकेक चौकट पाहत जातो: इथे नुसते मेलेले कच्चे हाड, इथे व्रणाची ऊती, इथे अजून जिवंत पेशींचा पुंजका. सगळ्या चौकटींची बेरीज करून मेलेल्या भागाची टक्केवारी निघते. गाठ ९० टक्के किंवा त्याहून अधिक मेली असेल तर प्रतिसाद चांगला. ही ९० ची रेघ आज जगभर पाळली जाते, कारण रेघेच्या वरचे रुग्ण खालच्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक जगतात.

इथपर्यंत गोष्ट समाधानाची वाटते. पण चाचणीचा अर्थ तिच्यामुळे उपचार बदलून फायदा होतो का यावर ठरतो. प्रतिसाद वाईट आला की औषधे बदलायची, हे साहजिक पाऊल अनेकांनी उचलले. त्याची मोठी परीक्षा युरॅमॉस-१ या अभ्यासात झाली. २००५ ते २०११ या काळात युरोप आणि अमेरिकेसह १७ देशांतले २,२६० रुग्ण त्यात नोंदवले गेले. दुर्मीळ आजारासाठी ही संख्या विलक्षण आहे. वाईट प्रतिसादाच्या ६१८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली: निम्म्यांना आधीचीच तीन औषधे, निम्म्यांना त्यांच्या जोडीला आयफोस्फामाइड आणि इटोपोसाइड. २०१६ मध्ये आलेला निकाल निराश करणारा होता. जादा औषधांनी आजार उलटणे कमी झाले नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. म्हणजे गाठीने औषधाला दाद दिली नाही हे अचूक कळूनही त्यावर द्यायला अधिक चांगले काही हातात नव्हते. बशीतल्या चाचण्यांनाही हीच मर्यादा आहे. चार औषधांतून निवड करायची असेल आणि चारही चिवट पेशीपुढे हरत असतील, तर कितीही नेमकी चाचणी रुग्णाला वाचवू शकत नाही.

पेशी औषधाला का दाद देत नाही याचा शोध रेणूंच्या पातळीवरही घेतला गेला. पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन पेशीच्या आवरणात पंपासारखे बसते आणि आत आलेले डॉक्सोरुबिसिन बाहेर फेकते. इटलीत बोलोन्याच्या रिझोली संस्थेने १९९५ मध्ये दाखवले की ज्यांच्या गाठीत हा पंप जास्त त्यांचा आजार अधिक उलटतो. इतर केंद्रांत हा संबंध नेहमी दिसला नाही, तरी इटलीत पुढे या प्रथिनाच्या तपासणीवरून रुग्णांची विभागणी करून उपचार देण्याचा अभ्यासही झाला. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत दोष दाराशीच आहे. हे औषध ज्या वाहक प्रथिनाच्या हातून पेशीत शिरते ते अनेक ऑस्टिओसार्कोमांत कमी आढळते. मेथोट्रेक्सेटची मात्रा या आजारात इतकी प्रचंड, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅम, का लागते याचे एक स्पष्टीकरण यातून मिळते: दार अरुंद असले तरी बाहेर औषधाचा पूर असेल तर थोडे आत झिरपतेच.

जनुकांच्या वाचनाने इतर कर्करोगांत जे दिले ते इथे दिलेले नाही. ऑस्टिओसार्कोमाची गुणसूत्रे इतकी तुटलेली आणि वेडीवाकडी जोडलेली असतात की सर्वांत समान असा एखादा नेम धरण्याजोगा बिघाड सापडत नाही. शेजारच्या आजारात मात्र हीच तपासणी निर्णायक आहे. यूइंग सार्कोमा हा मुलांच्या हाडांचा दुसरा कर्करोग. त्यात बहुधा ११ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. ती दिसली की निदान पक्के होते आणि औषधांची वेगळीच यादी लागू होते: व्हिंक्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, यांच्या आलटून-पालटून आयफोस्फामाइड आणि इटोपोसाइड. कॉन्ड्रोसार्कोमा हा कूर्चेचा कर्करोग असेल तर नेहमीच्या केमोथेरपीचा सहसा उपयोगच होत नाही. त्यामुळे हाडाच्या गाठीत केमोथेरपी निवडणारी सर्वांत महत्त्वाची प्रयोगशाळा आजही निदान करणारी पॅथॉलॉजीचीच आहे.

बशीच्या चाचणीने आता दुसरा अवतार घेतला आहे. पेशी सपाट न पसरता जेलमध्ये त्रिमितीत गोळ्यांच्या रूपात वाढवल्या की त्या गाठीसारख्या अधिक वागतात. यांना ऑर्गनॉइड म्हणतात. २०१८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी पचनमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगांत ऑर्गनॉइड आणि रुग्ण यांची तुलना केली. ऑर्गनॉइडवर निकामी ठरलेले औषध रुग्णातही निकामीच ठरले. चालेल म्हटलेले ८८ टक्के वेळा चालले. जुन्या चाचण्यांचे तेच वैशिष्ट्य, पण बरेच सुधारलेले. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या सार्कोमांवरचे असेच काम प्रसिद्ध झाले. १२६ रुग्णांचे १९४ नमुने, २४ प्रकारचे सार्कोमा. पेशी वर्षानुवर्षे न वाढवता ताज्या असतानाच औषधांची परीक्षा घेतल्यामुळे निकाल उपचाराच्या निर्णयाला उपयोगी पडेल इतक्या लवकर येऊ शकतो, ही त्यातली खरी प्रगती. शंभरावर औषधे एका वेळी तपासता येत असल्यामुळे नेहमीच्या चारांपलीकडचे एखादे हाती लागण्याची शक्यताही निर्माण होते. मोठी उणीव अजून तीच आहे: अशा निकालावरून औषध निवडलेले हाडाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक जगतात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केलेल्या अभ्यासात दाखवायचे बाकी आहे.

एक साधी प्रयोगशाळा-चाचणी मात्र औषधाची निवड रोज ठरवते, आणि तिचा पेशींशी संबंधच नाही. मोठ्या मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटनंतर रक्तातली त्याची पातळी दिवसातून किमान एकदा, ती सुरक्षित होईपर्यंत मोजावी लागते. पातळी वेळेत उतरली नाही आणि ल्युकोव्होरिन हा उतारा वाढवला नाही तर मूत्रपिंडे आणि अस्थिमज्जा निकामी होऊ शकतात. ही मोजणी तातडीने होत नसेल तिथे हे औषध देणे धोक्याचे. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफोस्फामाइड यांवर आधारलेली ओजीएस-१२ ही उपचारपद्धती विकसित केली. मेथोट्रेक्सेटच्या सोबत येणारा मोजणीचा, दीर्घ मुक्कामाचा आणि खर्चाचा भार महाराष्ट्रातल्या गावागावांतून येणाऱ्या कुटुंबांना पेलण्यासारखा नसतो, हे पाहता या कामाचे मोल मोठे आहे.

एखाद्या कुटुंबाला पेशींवर औषधे तपासून देण्याची चाचणी सुचवली गेली, तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: निकाल येईपर्यंत उपचार थांबणार आहेत का, निकाल काहीही आला तरी औषधे तीच राहणार आहेत का, आणि हे एखाद्या नोंदणीकृत अभ्यासाचा भाग आहे का. चाचणीसाठी पहिली केमोथेरपी लांबवणे योग्य नाही. बायोप्सी हाडांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रातच करून घ्यावी, कारण सुई ज्या वाटेने जाते ती वाट पुढे गाठीबरोबर काढावी लागते आणि चुकीच्या जागी टोचलेल्या सुईपायी वाचवता येणारा पाय गमवावा लागू शकतो. पेशी संशोधनासाठी द्यायच्या असतील तर ते बायोप्सीच्या आदल्या दिवशीच बोलून ठरवावे; फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत.